कारभारीची मांड

"डावाच! परत डावाच उचलला तिनं!"

खळ्याच्या बांधावर उभ्या अप्पारावांनी असा आवाज टाकला, की पलीकडं कापूस वेचणाऱ्या बायांनीसुद्धा माना वर केल्या. अंगदनं ओठांवर आलेली शिवी गिळली आणि लगाम आवळला. शेवंतीनं दोन उड्या वेड्यावाकड्या मारल्या, दुडक्या चालीवर आली आणि मग फुरफुरत उभी राहिली.

"दिसलं मला," अंगद म्हणाला. "वरच बसून राह्यलोय ना मी."

"मंग करतो काय नुसता बसून? चंपाषष्ठी तोंडावर आली, लेका. तुझ्यानं जमतंय का न्हाई, बराबर सांग. न्हाई तर आष्टीच्या राधेश्यामची वरातीची घोडी सांगून ठिवतो. येईल बिचारी नाचत नाचत."

अप्पाराव देवस्थानाचे पंच. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला लगाम म्हणून नव्हता. टोमणा मारून ते निघून गेले आणि अंगद घामेजलेल्या घोडीच्या मानेवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

गाव गोदावरीच्या काठचं, शहागडच्या अलीकडं. गावाबाहेर खंडोबाची टेकडी. चंपाषष्ठीला देवाच्या घोडीनं त्या टेकडीला उजवी घालून, म्हणजे ती उजव्या हाताला ठेवून, दौडत पाच फेऱ्या मारायच्या आणि मगच पालखी हलायची, अशी तिथली रीत. घोडी सांभाळायचा आणि फेऱ्या मारायचा मान अंगदच्या घराचा. आजवर तो त्याच्या थोरल्या भावानं, कारभारीनं चालवला होता. चैत्रात याच खळ्यावर घोडीचं जीन उतरवता उतरवता कारभारीच्या छातीत कळ आली आणि उभा माणूस बघता बघता गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिली बायको झुंबरबाई आणि ही शेवंती. आता फेऱ्या झाल्या नाहीत, तर मान दुसऱ्या घरी जाणार. मान गेला की देवाच्या नावानं येणारा कडबा आणि चंदीही बंद. मग शेवंतीला गळ्यात दिव्यांच्या माळा घालून बँडपुढं नाचावं लागणार. झुंबरबाई सकाळ-संध्याकाळ घोडीला खरारा करायची, तेवढंच.

अंगदचं म्हणाल, तर हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान. ट्रकची चाकं उलगडण्यात अर्धा जन्म गेलेला. पोरवयात तोही घोड्यावर बसायचा आणि चांगला बसायचा. पण घरात कारभारीसारखा स्वार असल्यावर धाकट्याला कोण विचारतो? त्याला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं, की कुणी विचारावं.

आता डाव्या-उजव्याचं हे काय एवढं, असं कुणालाही वाटेल. घोडा दौडीला लागला, की त्याचा पुढचा एक पाय दुसऱ्याच्या पुढं पडत जातो. उजवीकडं वळत जायचं असेल तर उजवा पुढं पडायला हवा, आणि तो पहिल्याच उडीला तसा उचलावा लागतो. डावा पुढं टाकून उजवीकडं वळणारी घोडी स्वतःच्याच पायांत अडकते. टेकडीच्या एका अंगाला उतार आहे आणि उतार संपतो तिथं खडकाळ वळण. डाव्यावर गेलेली घोडी त्या वळणावर स्वाराला घेऊनच आडवी होणार, हे सांगायला पंचाची गरज नाही.

अंगद आपल्याला येतं ते सगळं करून थकला होता. तो ताठ, सरळ बसायचा. गोलातल्या वळणापाशी आला, की डाव्या टाचेनं मागून चेपायचा आणि उजव्या अंगाला किंचित भार द्यायचा. लहानपणी बापानं शिकवलं होतं ते असंच. दुसरी कुठलीही घोडी एवढ्यावर उजवा उचलून मोकळी झाली असती. शेवंती मात्र क्षणभर वाट बघितल्यासारखी करायची आणि डावा उचलायची.

गावानं कारण केव्हाच शोधून ठेवलं होतं. कारभारीला अग्नी दिला, त्या दिवशी अप्पारावांनाच उमाळा आला होता. "घोडीलाबी फिरवा रे, तिचा धनी गेलाय," असं म्हणून त्यांनी शेवंतीला सरणापाशी आणवलं. खांद्यावर गळकं मडकं घेतलेला अंगद पुढं आणि त्याच्या मागं घोडी, अशा सरणाला फेऱ्या झाल्या. देवाला उजवी घालतात, मेलेल्याला डावी. "घोडीनं तवापासून मढ्याची फेरी धरली," असं आता पारावर बोललं जात होतं. आणि सगळ्यांच्या आधी बोलत होते अप्पाराव. धन्य माणूस!

अंगदचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. घोडी ज्याचं ऐकते, त्याच्याकडं तिचा कान असतो. पाठीवर माणूस असला, की कान मागं वळतो. शेवंतीचा उजवा कान मागं यायचाच नाही. तो सारखा खळ्याच्या मधोमध लागलेला असायचा. कारभारी तिला लांब दोरावर फिरवायचा, तेव्हा तो उभा राहायचा ती जागा. तिथं आता काही नव्हतं. नुसती चोपलेली जमीन आणि ऊन.

अप्पाराव टोमणा मारून गेले, त्या दिवशी अंगदचं डोकं सणकलं. तो खाली उतरला, लगाम जीनाला अडकवला आणि घोडीला म्हणाला, "जा, तुझी तू पळ. मी काय करणार आता?" आणि बाभळीच्या सावलीला जाऊन टेकला. झुंबरबाई चहाची किटली घेऊन बांधावरून येत होती. दुपारची वेळ, वारा बिलकुल नव्हता. तुरीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

शेवंती थोडी चालली. मग आपसूक दुडकी धरली. मग तिनं मान खाली घेतली आणि दौड उचलली.

उजव्यावर.

अंगद ताडकन उठला. घोडी गोल धरून चालली होती, मोजूनमापून, उजवा खांदा पुढं काढत. पण उठलेला अंगद जागच्या जागी थिजला, तो त्या खांद्यामुळं नाही. घोडी पळताना पाय अडकवायच्या रिकाम्या रिकिबी उडतात, पोटावर आपटतात. शेवंतीच्या उडत नव्हत्या. डावी रिकीब ओझं टांगल्यासारखी खाली ताणलेली होती. उजवी मागं गेलेली होती, आणि मागंच राहिली होती. कुणीतरी पायानं धरून ठेवल्यागत.

एक फेरी झाली. दुसरी झाली. खुरांचा आवाज तेवढा येत होता.

झुंबरबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. किटली तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"उजवा पाय मागं घ्या, भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली. "सारा भार डाव्या कुल्ल्यावर. ते तसंच बसायचे."

अंगदच्या अंगावर सरसरून काटा आला. पण बाई बोलली ते खरं होतं. तरुणपणी शहागडच्या पुलावर एका ट्रकनं कारभारीच्या मोटरसायकलीला घासलं होतं. उजवा खुबा कसाबसा जुळला, पाय आखूड राहिला आणि मागं ओढल्यासारखा झाला. त्यानंतर कारभारी बसायचा ते वाकडाच. गावाला त्या वाकड्या मांडीची इतकी सवय झाली, की ती वाकडी आहे हेच लोक विसरून गेले. आणि शेवंती तर शिंगरू असल्यापासून त्याच मांडीखाली वाढलेली. सरळ बसलेला माणूस काय सांगतो, हे तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

अंगदनं घोडी धरली. जीनाला हात लावला तर ते गरम होतं. उन्हानं असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. वर चढला, उजवा पाय मागं टाकला, डाव्या अंगाला कलला. पुरतं कलूनही झालं नव्हतं, तोच शेवंतीनं उजवा उचलला.

"आता थांबू नका," झुंबरबाई बांधावरून म्हणाली.

तो थांबला नाही. खरं सांगायचं तर त्याला थांबावंसं वाटेना. अशी दौड त्यानं जन्मात अनुभवली नव्हती. लगामाला हात लावायची गरज नव्हती. घोडी आपली आपण वळत होती आणि तिचा उजवा कान आता मागं, त्याच्याकडं लागला होता.

गावात बातमी व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी खळ्यावर माणसं जमली. अप्पारावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "आयला, कारभारीच बसल्यावानी दिसून राह्यलं," ते म्हणाले. "राधेश्यामला न्हाई म्हणून जल्दी कळवतो." लोक हसले, अंगदही हसला. झुंबरबाई मात्र हसली नाही. ती रोज येऊन बांधावर बसायला लागली. दुपारी शिदोरी आणायची, त्यात अंगदला न आवडणारा कारळ्याचा ठेचा असायचा. कारभारीला आवडायचा तो. अंगद निमूट खायचा, आणि दोन-तीन दिवसांनी त्याला तो आवडायला लागला.

मग बाकीचं सुरू झालं. आधी खुबा दुखायला लागला. सवय नाही म्हणून दुखतोय, असं तो म्हणायचा. मग दुकानावर चाक घेऊन चालताना एका ट्रकवाल्यानं विचारलं, "पायाला काय लागलं, भाऊ?" अंगदनं खाली बघितलं. तो लंगडत होता. घोडीवरून उतरून बराच वेळ झाला होता. बोलताना त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडं जायचा आणि चाचपायचा. अंगदनं उभ्या आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. कारभारीची चंची तिथं असायची.

आणि एका संध्याकाळी, अजून उजेड असताना, तो दमून घरी आला, ओट्यावर टेकला आणि आत हाक मारली, "झुंबर, पाणी आण गं."

त्याची बायको सुरेखा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला नाही. लांब, जमिनीवर ठेवला.

"काय झालं?" अंगदनं विचारलं.

"काय म्हणून हाक मारली तुम्ही आत्ता?"

"तुला मारली."

"मला न्हाई मारली." सुरेखा उंबऱ्याकडं मागं सरली. "अवो, मी आंधळी न्हाई. चालता तसं, खोकता तसं. परवा भाकर मोडली तर डाव्या हातानं. जाऊबाई हिकडं येतात आन् तुमच्याकडं असं बघतात, की मला माझ्याच घरात चोरट्यावानी वाटतं."

"घोडी जात न्हाई त्याच्याबिगर. मी काय करू?"

"न्हाई गेली तर न्हाई! मान गेला खड्ड्यात. घोडीला आपण घालू चारा, मी माझ्या कानातलं मोडीन. पण मला माझा माणूस पायजे." ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. अंगद तिच्याकडं जायला उठला आणि उजवा पाय ओढत गेला. ते बघून ती आणखीच रडली.

दुसऱ्या दिवसापासून अंगदनं खळ्यावर पहाट धरली, म्हणजे बघायला कुणी नसे. तो सरळ बसून घोडीला पहिल्यापासून शिकवू लागला. दुडकीवर गोल फिरवायचं, गोल हळूहळू लहान करत आणायचा आणि वळण आवळलं, की डावी टाच मागं. डावा उचलला तर मारायचं नाही, ओरडायचं नाही. लगेच दुडकीवर घ्यायचं आणि पुन्हा त्याच जागी विचारायचं. उजवा उचलला, की दौडू द्यायचं, मान थोपटायची, गूळ द्यायचा. जनावर असंच शिकतं. कधीमधी शेवंती उजवा उचलायची, बाभळीपाशी, जिथं गोल अगदी आवळलेला होता. बाकी ठिकाणी तिचा कान खळ्याच्या मध्याकडं जायचा. मग अंगदचाही धीर सुटायचा, पाय आपोआप मागं जायचा आणि दौड कशी लोण्यासारखी लागायची. चंपाषष्ठी आली, तेव्हा शिकवणं अर्धवट होतं.

यात्रेच्या दिवशी टेकडीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. मंठ्यापासून लोक आले होते. भंडाऱ्यानं माणसं, झाडं, दगड सगळं पिवळं झालेलं. शेवंतीला नवी झूल घातली होती. अंगदनं जीनावर मांड टाकली तेव्हा सरळ टाकली, पण पालखीच्या पुढं उभं राहिल्यावर त्याला ते हजारो डोळे दिसले, पुढचा उतार दिसला, खालचं वळण दिसलं. त्यानं उजवा पाय मागं घेतला.

"येळकोट येळकोट!" गर्जना झाली आणि घोडी सुटली.

पहिली फेरी वाऱ्यासारखी गेली. दुसऱ्या फेरीला देवळाच्या पायऱ्यांशी झुंबरबाई दिसली. सगळ्या बायांच्या पुढं, हिरवं लुगडं नेसून उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं. चैत्रात तिनं स्वतःच्या हातानं पुसलेलं, आता ठसठशीत, ओलं. आणि तिच्या तोंडावर इतका आनंद होता, की अंगदला तो बघवेना.

त्यानं मान फिरवली, म्हणजे फिरवायला गेला. मान फिरली नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण काहीच करत नाही आहोत. लगाम धरलाय तो हात आपला आहे, पण बोटं त्यानं वळवलेली नाहीत. उतार आला तेव्हा अंग मागं रेललं, तेही त्यानं रेललेलं नव्हतं. उजव्या मांडीवर दुसरी मांडी ठेवल्यागत भार होता. नाकात तंबाखूचा वास होता. लोक ओरडत होते, "कारभारी! कारभारी!" आणि अंगदच्या छातीतून कुणीतरी ओ द्यायला श्वास घेत होतं.

त्याला सुरेखा आठवली. जमिनीवर ठेवलेला तांब्या आठवला. तो मनातून टाहो फोडून म्हणाला, दादा, तू माझा देव होतास, पण मला जगायचंय रे. तिसऱ्या फेरीचा उतार सुरू होत होता. सगळा जीव एकवटून त्यानं उजवा पाय रिकिबीतून उपसून काढला, खुब्यात कळ उठली तरी पुढं आणला, पाठ सरळ केली आणि भार मधोमध घेतला.

घोडीची चाल फिसकटली. पुढचे पाय एका तालात, मागचे दुसऱ्या. जीन हिसके द्यायला लागलं. बायांच्या किंकाळ्या ऐकू आल्या, अप्पारावांचं "गेला, गेला!" ऐकू आलं. अंगदनं तिला दुडकीवर आणलं. समोर खडकाळ वळण दहा ढांगांवर होतं. शेवंतीचा कान उजवीकडं वळला, टेकडीकडं, आणि तिथंच खिळला. ती वाट बघत होती.

"शेवंते," अंगद मोठ्यानं म्हणाला, "मी हाये. अंगद."

आणि वळण आवळलं तशी त्यानं डावी टाच मागं चेपली.

कान थरथरला. क्षणभर टेकडीकडं राहिला. मग सावकाश मागं, त्याच्याकडं आला. शेवंतीनं उजवा उचलला.

दौड तशी नव्हती. खडबडीत होती, अंगदला प्रत्येक उडी सांभाळावी लागत होती. पण वळण निघालं, चौथी फेरी झाली, पाचवी झाली. पालखी हलली. लोकांनी भंडारा उधळला. अप्पाराव सगळ्यांना सांगत सुटले, की मधी मुद्दामच दुडकी घेतली पोरानं, तशी जुनी रीतच हाये. अंगद उतरला तेव्हा त्याचे पाय दोन्ही सारखे पडत होते. सुरेखानं गर्दीतूनच ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

पायऱ्यांशी झुंबरबाई नव्हती.

ती घरी दारात उभी होती. फेऱ्या मारून आलेल्या घोडीचे पाय धुवायचे असतात, म्हणून घंगाळात पाणी काढून ठेवलेलं. कपाळ कोरडं होतं. अंगदला तिच्याकडं वर बघवत नव्हतं. तो लगाम धरून उभा राहिला. झुंबरबाई खाली बसली आणि शेवंतीच्या एका पायावर पाणी ओतून तो चोळू लागली. बराच वेळ चोळत होती.

"कोणत्या फेरीला उतरले ते?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या, वहिनी."

"वळणावर का उतारावर?"

"उतारावर."

झुंबरबाईनं मान हलवली. "तिथं वरच्या अंगाला जमीन जवळ येती," ती म्हणाली. "त्यांच्या आखूड पायाला बरं पडलं आसल."

आणि तिनं घोडीचा दुसरा पाय धुवायला घेतला.